बंद दारांची तोरणं

आप्पांना काहीही विचारलं तरी उत्तर चाळीस वेढ्यांनी यायचं. डाव्या हाताची चार बोटं जुळवून ते त्यांवर धागा गुंडाळत बसलेले असत. चाळीस वेढे पुरे झाले, मधोमध गाठ बसली, दोन्ही कडा कात्रीनं कापल्या, की मग मान वर. तोवर विचारणाऱ्यानं उभं राहायचं. पुष्कळ लोक कंटाळून निघून जात. काहींना उभ्या उभ्या स्वतःच उत्तर सुचे, आणि ते आप्पांचे आभार मानून जात.

नवागाममधल्या आमच्या गल्लीत त्यांची खोली आमच्या शेजारी होती. मी परभणीकडची. लग्न होऊन सुरतेला आले आणि मराठी शाळेत शिक्षिका म्हणून लागले. आप्पा धुळ्याकडचे. यंत्रमागाच्या कारखान्यात, ज्याला सुरतेत खातं म्हणतात, तिथं ते वीस वर्षं मागावर उभे होते. संपत आलेल्या बॉबिनींवर थोडाथोडा धागा उरतो. तो कुणाच्याच कामाचा नसतो. शेठला विचारून आप्पा तो घरी आणत आणि त्याचे गोंडे करत. दिवाळी जवळ आली की गोंडे ओवून तोरणं. गल्लीतल्या निम्म्या दारांवर त्यांचंच तोरण असे.

हे सगळं ते गावी शिकले होते, पोळ्याला बैल सजवताना. सुरतेत बैल नव्हते. एकदा मी विचारलं, "आप्पा, बैलाचा गोंडा आणि दाराचा गोंडा यांत फरक काय?"

चाळीस वेढे झाले. "बैल मान हालावस," आप्पा म्हणाले. "दार हालावत नही."

बोलणं एवढंच. अहिराणी मला तेव्हा नीट कळत नसे, पण आप्पांशी त्याची फारशी अडचण होत नव्हती.

शाळेत कार्यानुभवाचा तास माझ्याकडे होता. दिवाळीआधी मुलांकडून शोभेच्या वस्तू करून घ्यायच्या असत. मी दोन वर्षं कागदी कंदील करवून घेतले. ते मुलांनाही आवडत नव्हते आणि मलाही नाही. तिसऱ्या वर्षी मी आप्पांना वर्गात बोलावलं. ते धुतलेला सदरा घालून, धाग्याची पिशवी घेऊन आले, खुर्ची नाकारून जमिनीवर बसले आणि कामाला लागले. प्रस्तावना नाही, कौतुक नाही. मुलं बघून बघून शिकली.

हा धागा लोकरीसारखा नसतो. गुळगुळीत असतो. एक गाठ मारली तर गोंडा हातातल्या हातात सुटतो. धागा जरा ओला करायचा, दोन गाठी मारायच्या, दुसरी आवळताना श्वास धरायचा. मुलांचे धागे सारखे तुटत. ती रडवेली झाली की आप्पा म्हणत, "धागा से, तुटीच. गाठ मारा." दुपारपर्यंत पोरं हेच एकमेकांना सांगत होती.

गोंडा झाला की आप्पा तो जोरात झाडून बघत. एक जरी धागा गळला तरी "परत". मुख्याध्यापक कौतुकानं डोकावले, मुलांमध्ये बसले आणि त्यांनीही एक गोंडा केला. आप्पांनी झाडला. गोंड्याचं जे काही होतं ते वर्गभर उडालं.

"परत," आप्पा म्हणाले.

मुख्याध्यापकांनी मुकाट्यानं पुन्हा धागा गुंडाळायला घेतला. त्यांचा तिसरा गोंडा पास झाला. तो पुढे बरीच वर्षं त्यांच्या कपाटाच्या किल्लीला होता.

रंगांचं मात्र आप्पांना काही कळत नसे. ते काम काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. अर्धांगाच्या झटक्यानं काकूंची उजवी बाजू गेली होती. त्या खाटेवर पडून असत. समोर धाग्यांचा ढीग टाकला की डाव्या हातानं एकेक रंग ओढून बाजूला काढत. गुलाबीशेजारी हिरवा, मग पिवळा. आप्पांनी चुकून क्रम बदलला की त्या खाटेच्या लाकडावर बोट आपटत, आणि आप्पा निमूट उसवत. त्यांना "परत" म्हणणारं एकच माणूस जगात होतं.

मग तो प्लेग आला. त्या दिवसांत सुरतेत असलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. सकाळी बातमी ऐकली, दुपारी औषधांच्या दुकानांपुढे रांगा, संध्याकाळी गल्लीत ट्रंका बाहेर. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं एकमेकांना ओळखू येईनात. जो तो आपापल्या गावाकडे निघाला. खानदेश जवळ, त्यामुळे ते लोक आधी गेले. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी. जाताना जो तो किल्ली आप्पांकडे टाकून गेला. आप्पा ओट्यावर धागा गुंडाळत बसले होते. शेजारी किल्ल्यांचा ढीग.

मीही किल्ली ठेवली आणि विचारलं, "आप्पा, तुम्ही कधी निघणार?"

ते वेढे घालत राहिले. पंधरा झाले असतील, वीस झाले असतील. कोपऱ्यावर आमची रिक्षा आली, नवऱ्यानं हाक मारली आणि मी पळाले. उत्तर ऐकायला मी थांबले नाही.

खोटं कशाला सांगू, उत्तर मला ठाऊक होतं. जिला खाटेवरून मोरीपर्यंत उचलून न्यावं लागतं, तिला उधना स्टेशनच्या त्या चेंगराचेंगरीत कोण नेणार? आमच्यातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. म्हणून तर किल्ल्या त्यांच्याकडे दिल्या होत्या.

तीन-साडेतीन आठवड्यांनी आम्ही परत आलो. गल्लीच्या तोंडाशी कोपऱ्यातल्या घरातला टेम्पोवाला बायकोमुलांसह ट्रंकेवर बसलेला होता. तो तासाभरापूर्वीच आला होता, पण आत जायला तयार नव्हता. त्यानं बोट दाखवलं. संपूर्ण गल्लीत, प्रत्येक बंद दारावर, कुलपाच्या वर, एकेक तोरण बांधलेलं होतं. जमिनीवर फवारलेली पांढरी पावडर, माणूस नाही, कुत्रं नाही, आणि वर गुलाबी-हिरवे-पिवळे गोंडे.

"बाई, ही खूण आहे," टेम्पोवाला हळूच म्हणाला. "ज्या घरात प्लेग झाला त्या घराला करतात."

"पण सगळ्याच घरांना आहे."

"म्हणजे बघा!"

मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. माझ्याही दारावर ते होतं, आणि माझेही पाय पुढे होईनात.

तेवढ्यात आप्पा बाहेर आले. आम्हाला पाहून त्यांना आनंद झाला असावा, पण तसं ठाम सांगता येणार नाही. टेम्पोवाल्यानं लांबूनच हात जोडले. "आप्पा, खरं सांगा, माझ्या घरात कोण गेलं?"

आप्पांच्या हातात त्या वेळी धागा नव्हता, म्हणून उत्तर लगेच आलं. "तुम्ही तं सगळा आठे सेत." तुम्ही तर सगळे इथंच आहात.

टेम्पोवाल्यानं मुलं मोजली. चारही होती. "मग हे कशाला बांधलंय?"

"धागा पडेल व्हता," आप्पा म्हणाले, आणि किल्ल्या आणायला आत गेले.

पुढच्या चार-पाच दिवसांत एकेक घर उघडत गेलं. प्रत्येकजण आधी घाबरला, मग हसला, मग दिवाळीचं तोरण आयतं मिळालं म्हणून खूश झाला. तेवीस दारं होती. एका दाराला मात्र तोरण नव्हतं: आप्पांच्या स्वतःच्या. मी विचारलंही. वेढे झाले, गाठ झाली, कडा कापल्या, आणि आप्पांनी दुसरा गोंडा सुरू केला.

कारण मला काकूंनी सांगितलं. मी त्यांच्यासाठी गरम भात घेऊन गेले होते. त्यांची जीभ जड, त्यात अहिराणी. मी तीनतीनदा विचारून घेतलं. आप्पा रोज सकाळी त्यांना उचलून ओट्यावर बसवत. गल्ली रिकामी झाली आणि काकूंना ती बंद दारं बघवेनात. सगळे मेले, आता आपण दोघंच उरलो, असं म्हणून त्या रडत. लोक गावी गेलेत हे आप्पांनी सांगून पाहिलं, पण त्यांना ते पटेना. तेव्हा आप्पांनी समोरच्या दारावर पहिलं तोरण बांधलं आणि म्हणाले, मेलेल्याच्या दाराला कुणी तोरण बांधतं का? ते लोक दिवाळीला येणार आहेत.

काकूंना ते पटलं. मग त्यांनी शेजारचं दार दाखवलं. मग त्याच्या शेजारचं. खातं बंदच होतं. काकू रंग काढत, आप्पा गोंडे करत, आणि दिवसाला एका दाराला तोरण लागे. शेवटची दोन ओट्यावरून दिसत नव्हती, म्हणून आप्पांनी काकूंना पाठीवर घेऊन तिथवर नेलं आणि दाखवून आणलं. त्यांचं स्वतःचं दार पाठीमागे असायचं. ते दिसायचा प्रश्नच नव्हता.

काकू हे सांगत असताना आप्पा शेजारी बसून कात्रीला धार लावत होते. त्यांचं नाव निघतंय असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं.

मला त्या दिवशी काहीतरी बोलायचं होतं. मी रिक्षात बसले, तुम्हाला विचारून उत्तर न ऐकता गेले, असं काहीतरी. मी दोनदा सुरुवात केली. आप्पा कात्रीची धार अंगठ्यानं बघत राहिले. शेवटी म्हणाले, "भात थंडा व्हई ऱ्हायना."

मी काकूंना भात भरवला.

काकू त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या, झोपेत. त्या दिवाळीला आप्पांनी गोंडे केले नाहीत. पुढच्या वर्षी पिशवी काढली. माझ्यापुढे धागे पसरले आणि थांबले. मी निळा उचलला. त्यांनी तो बराच वेळ बघितला, मग बाकीच्या धाग्यांत परत ठेवला आणि पिशवी बांधली. मला वाईट वाटलं नाही. तुम्हीही अशी जोडपी पाहिली असतील. त्यांतल्या एकाचं काम दुसऱ्या कुणाला जमत नाही.

पुढे त्यांची लेक धुळ्याहून न्यायला आली. खात्यातलं काम सुटलंच होतं, आणि आप्पा दोन दोन दिवस जेवत नसत. मी उधन्यापर्यंत सोडायला गेले. सामान फार नव्हतं. गाडीला उशीर होता. आम्ही बाकावर बसलो. आप्पांचे दोन्ही हात मांडीवर रिकामे होते, ते मला बघवत नव्हतं.

गाडी आली. खिडकीशी मी उभी राहिले. सात-आठ वर्षांचा शेजार; म्हटलं, निदान आता तरी काही बोलतील. आप्पांनी फलाटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बाई, चार वाजी ऱ्हायनात," ते म्हणाले. "नळ येई. तुम्ही घर जा."

गाडी हलेपर्यंत मी थांबले. मग घरी आले. नळ खरोखरच आला होता. मी हंडे भरले, पिंप भरलं. काकू गेल्यावर आप्पांनी पाण्याकडे बघणंच सोडलं होतं, तेव्हापासून त्यांची कळशीही मीच भरत असे. ती भरून दाराशी नेऊन ठेवली, आणि वर पाहिलं तर कुलूप होतं.