कातडीच्या डॉक्टरचा तळपाय

हृदयाच्या डॉक्टरकडे माणूस छाती धरून येतो, दातांच्या डॉक्टरकडे गाल धरून. माझ्याकडे तो येतो, खुर्चीत नीट बसतो आणि म्हणतो, "तसं दुखत काहीच नाही बरं का." या वाक्यानंतर जे सुरू होतं, ते किस्सा झाल्याशिवाय थांबत नाही. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात गेली पंचवीस वर्षं हेच चाललंय. तीळ, मस, चामखीळ, गाठी बघायच्या आणि काढायच्या. काढलेलं तपासणीला जातं नाहीतर कचऱ्यात. किस्से मात्र माझ्याकडेच साचतात.

हे सगळं आठवायचं कारण असं की गेल्या अधिक महिन्यात माझ्याच तळपायावर एक काळा डाग सापडला. तो साधा तीळ आहे की कॅन्सर, हे कळायला आठ दिवस लागणार होते. त्या आठ दिवसांत उशीवर पाय ठेवून मी जुने पेशंट आठवत पडलो होतो. तेव्हा लक्षात आलं, की बहुतेक किस्स्यांत येडा मीच ठरलोय.

*

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक काका होते. डाव्या गालावर चांगला वाटाण्याएवढा तीळ. दाढी करताना रोज कापायचा. मी तपासला, धोक्याचं काही नव्हतं, पंधरा मिनिटांत काढून टाकला. काका खूश, मी खूश.

महिन्याभरात काका परत हजर. म्हणाले, "डॉक्टर, तो होता तसा परत लावून द्या."

पेन्शनच्या कागदावर लिहिलेलं होतं, 'ओळखीची खूण: डाव्या गालावर मोठा तीळ.' आणि खिडकीतला साहेब म्हणत होता, तीळ दाखवा.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"बायकोची मोठी काळी टिकली लावून गेलो. चाललं असतं हो. पण लाइट गेलेली, पंखा बंद. घाम आला आणि सही करताना तीळ कागदावर पडला. साहेब म्हणतो, काका, हा पण अर्जाला जोडू का?"

शेवटी मी दाखला लिहून दिला, की सदर इसमाचा तीळ माझ्या हातून गेला आहे. सही करताना पोलीस ठाण्यात कबुलीजबाब दिल्यासारखं वाटलं. तेव्हापासून चेहऱ्यावरचं काहीही काढण्याआधी मी पहिला प्रश्न विचारतो, "कागदावर आहे का?"

*

माझ्या दवाखान्यात खरा डॉक्टर कोण, हा प्रश्न शाहीनबाजींमुळे पडतो. बाजी बावीस वर्षं माझ्या मदतनीस आहेत. पेशंट मला दाखवतात आणि बाहेर जाऊन त्यांना विचारतात, "खरंच काढावं लागतं का?"

एकदा लासूर स्टेशनकडचे एक मामा आले. पाठीवर काळा दाणा. आमचे प्रश्न ठरलेले असतात, ते मी सुरू केले.

"किती दिवस झाले?"

"चार दिस."

"वाढलाय?"

"लई. परवा जवारीएवढा व्हता, आज तुरीएवढा झालाय."

चार दिवसांत एवढा वाढणारा तीळ मी पुस्तकातसुद्धा वाचला नव्हता. तीळ बघायचं भिंग लावलं, तर आतली रचना काही ओळखीची वाटेना. कॅन्सर हा शब्द न उच्चारता कॅन्सरबद्दल कसं बोलावं, याची मनात जुळवाजुळव केली आणि गंभीर आवाजात विचारलं, "मामा, घरचं कोणी सोबत आलंय का?" मामांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात बाजी स्पिरिटचा कापूस घेऊन जागा पुसायला लागल्या आणि थांबल्या.

"साब, जरा देखो. इसके पाव हिल रै."

गोचीड होती. बाजींनी चिमट्याने काढून ट्रेमध्ये ठेवली. मामांनी वाकून नीट बघितलं आणि सुस्कारा सोडला.

"ही तर म्हशीची हाय. मी म्हणलं, माझीच हाय."

*

गळ्याभोवती मऊ, लोंबते दाणे येतात, त्यांना लोक मस म्हणतात. त्रास नसतो, पण एका वेळी बरेच आले तर मी शुगर तपासायला सांगतो. शाळेत गणित शिकवणाऱ्या एका बाईंना हेच समजावत होतो. त्यांचं मंगळसूत्र मसांत अडकायचं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुमची कॉलर जरा खाली करा."

मी केली. वर्गात बाईंनी सांगितलेलं ऐकायची सवय अजून गेलेली नाही.

"एक, दोन, तीन... सात. माझे पाच आहेत. तुमची शुगर किती?"

"बघितली नाही अजून."

"मग आधी तुमची बघा. मी बसते."

आणि त्या खरंच बसल्या. बाजींनी माझ्या बोटाला सुई टोचली आणि यंत्रातला आकडा, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचला. दोनशेच्या वर होता. बाईंनी मान हलवली.

"काठावर नाही हो. सरळ नापास."

तेव्हापासून दवाखान्यात मी बिनसाखरेचा चहा पितो, आणि बाजी तो चाखून मगच आत पाठवतात.

*

आता माझ्या तळपायाकडे येतो.

अधिक महिन्यात जावयाला बोलावून त्याचे पाय धुतात आणि अनारसे देतात. माझं वय चोपन्न, केस गेलेले, पण देवगाव रंगारीत मी अजून जावईच. सासरे आता नाहीत, म्हणून पाय धुवायला मेहुणा दिलीप बसला. सासूबाई शेजारी खुर्चीवर देखरेखीला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना जरा जास्तच दिसतं.

दिलीपने परातीत पाणी घातलं, पाय धुतला आणि पुसायला वर उचलला. सासूबाई म्हणाल्या, "थांब दिल्या. पाय तसाच धर वर."

दिलीपने धरला. मी एका पायाने परातीत आणि एका पायाने हवेत. समोर अनारशांचं ताट, भोवती सगळं सासर.

"काय लागलंय ते? शेण हाय का?"

दिलीपने अंगठ्याने घासलं. मग टॉवेलने घासलं. "आई, हे जात नाय."

माझी बायको वसुधा वाकून बघायला लागली आणि तिचा चेहरा बदलला. पंचवीस वर्षं माझ्यासोबत राहून तिला एवढं कळतं, की तळपायावरच्या काळ्या डागाला डॉक्टर घाबरतात. मी रोज प्रत्येक पेशंटला मोजे काढायला लावतो. स्वतःचे मोजे मात्र मी फक्त झोपताना काढतो, आणि तेव्हा लाइट बंद असतो.

सासूबाईंनी माझ्याकडे काळजीने बघितलं.

"जावईबापू, हे कुणातरी चांगल्या डॉक्टरला दाखवा."

*

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कडी लावून मी स्वतःचा तळपाय बघायचा प्रयत्न केला. भिंग धरलं तर डोकं पोचेना, मोबाइलने फोटो काढायला गेलो तर मांडीत पेटका आला. शेवटी बाजींना हाक मारली.

बाजींनी भिंग लावून बराच वेळ बघितलं.

"साब, ये निकालना पडता."

मी म्हणालो, "बघू ना पुढच्या महिन्यात. आत्ता उन्हाळा आहे, टाके पिकतात. दवाखान्यात गर्दी पण आहे. आणि तसं दुखत काहीच नाही."

बाजींनी भिंग पुसून डबीत ठेवलं. "ये तीनो बहाने अपने पेशंट रोज बोलते, साब. एखादा नया बोलो, तो मानती मैं."

बाजींनी दाराला 'आज डॉक्टर नाहीत' अशी पाटी लावली, बाहेर बसलेल्यांना सांगितलं, "आज साहेबच पेशंट आहेत," आणि मला रिक्षात घातलं.

*

माझ्याकडे शिकून गेलेली डॉक्टर मयूरी आता स्वतःचा दवाखाना चालवते. तिने मला पालथं झोपवलं. सुई हातात घेऊन म्हणाली, "सर, काही नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल."

हे वाक्य माझं. पंचवीस वर्षं मी ते हजारो लोकांना ऐकवलं आणि मयूरीलाही मीच शिकवलं. तळपायात सुई गेली आणि मी जो शब्द ओरडलो, तो इथे लिहिता येणार नाही. बाहेर थांबलेले दोन पेशंट उठून निघून गेले, असं बाजी सांगतात.

"कुठली मुंगी गं ही?" मी विचारलं.

"सर, तुमचीच."

आता मी माझ्या पेशंटना सरळ सांगतो, दुखणार आहे.

टाके घालून झाल्यावर मयूरी हातमोजे काढत म्हणाली, "कडा थोड्या वेड्यावाकड्या आहेत, सर. तपासणीला पाठवते. आठ दिवस लागतील. तोवर मी काही बोलत नाही."

तोवर काही बोलायचं नाही, हेही मीच शिकवलेलं.

*

त्या आठ दिवसांत मी घाबरलो होतो. तळपायावरचा असा डाग उशिरा सापडला तर काय होतं, हे मला पुस्तकाने नाही, तीन पेशंटनी शिकवलंय. तिघांचेही चेहरे मला आठवतात. तिघांनाही मी विचारलं होतं, इतके दिवस तुमचं लक्ष कसं गेलं नाही?

आठ दिवस वसुधा माझ्याशी एकदाही भांडली नाही. मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो तर तिने उठून मीठ आणून दिलं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

नवव्या दिवशी सकाळी मयूरीचा फोन आला. "सर, साधा तीळ. पूर्ण निघालाय."

मी पलंगाच्या कडेला बसून रडलो. पेशंटला मी हा निरोप फोनवर अर्ध्या मिनिटात देतो आणि पुढच्याला आत बोलावतो. समोरचा माणूस फोन ठेवून काय करत असेल, याचा कधी विचार केला नव्हता. वसुधा दारात उभी होती. तिने दोनदा विचारून खात्री केली, डोळे पुसले आणि म्हणाली, "मग आता तो ओला टॉवेल पलंगावरून उचला. आठ दिवस बघतेय मी."

*

वसुधाने आईला फोन लावला. सासूबाई अजिबात चकित झाल्या नाहीत.

"मला ठावं व्हतं. मी देवीला केरसुणी बोलले व्हते."

आमच्या सासरच्या भागात एक देवी आहे. अंगावरचा मस, चामखीळ, डाग जावा म्हणून लोक तिला नवी केरसुणी वाहतात. देवी ते झाडून नेते म्हणे.

मी फोन घेतला. म्हटलं, "आई, तो ऑपरेशननं गेलाय. बाटलीत घालून तपासलाय. लेखी रिपोर्ट आहे."

"आसू द्या ना रिपोर्ट. केरसुणी ज्याचा डाग त्यानंच वाहायची आसती. रविवारी या."

डाग शोधला होता त्यांनी. कातडीच्या डॉक्टरला पंचवीस वर्षांत जे दिसलं नाही, ते त्यांना खुर्चीवर बसून दिसलं. त्यांना नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

रविवारी दुपारी मी देवळाच्या रांगेत उभा होतो. पायाला पट्टी, हातात नवी कोरी केरसुणी, आणि ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून कपाळावर ओढलेली टोपी. पुढे वीसेक माणसं, प्रत्येकाच्या हातात केरसुणी. वसुधा सावलीत बसून हसत होती.

माझ्या पुढच्या माणसाने मागे वळून बघितलं आणि मी त्याला ओळखलं. हातभर चामखिळी घेऊन तो महिन्यापूर्वी माझ्याकडे आला होता. देवीला नवस बोलून बघू का म्हणाला, तेव्हा मी सगळ्या दवाखान्यासमोर त्याला झापलं होतं, की नवस-बिवस करत बसायचं नाही, वेळेवर डॉक्टर गाठायचा.

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग केरसुणीकडे, मग पट्टीकडे. मी काहीतरी सांगणार, तेवढ्यात त्याने बाजूला होऊन मला पुढे जागा करून दिली आणि कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने कानाशी म्हणाला,

"लाजायचं नाय त्यात, डॉक्टरसाहेब. मी बी आधी तुमच्याकडंच गेलो व्हतो."