दोन बोटं जास्तीची बॅग

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. त्यानंतर हातात खडू आला तो कापडावर खुणा करायचा. ती खूण झटकली की जाते. हे लिहिलेलं तसं जाणार नाही, म्हणून भीती वाटते. पण चार माणसांत मला तोंड उघडता येत नाही आणि घरात आता या गोष्टीवर कुणी बोलत नाही. म्हणून लिहिते. कुणाला दाखवायचं नाही.

माझी मुलगी लग्नाचे फोटो काढायची. सिडकोत आमच्या गल्लीत आधी बारशी, मग हळदी, मग लग्नं. लाजऱ्या नवऱ्या तिच्यासमोर हसायच्या. मला वाटायचं, हे हिला कुठून आलं, मी तर पाहुण्यांसमोर पाणीसुद्धा खाली बघून देते.

गंगापूर रोडकडच्या एका बड्या घरातल्या मुलीचं लग्न गोव्याला ठरलं. फोटोला पुण्याहून मोठे सर येणार होते, पण नवरीनंच हट्ट धरला की सिडकोतली ती ताई पण हवी. सरांनी हिला फोनवर सांगितलं, "हे लग्न नीट काढलंस तर टीममध्ये कायमची घेतो. वर्षभर काम." तिकीट पाठवलं, ओझरहून विमानाचं. आमच्या घरातलं विमानात बसणारं पहिलं माणूस.

तिच्याकडे कॅमेरा स्वतःचा होता, पण लांबची लेन्स नव्हती. ती शालिमारजवळच्या एका स्टुडिओवाल्या काकांकडून भाड्यानं घेतली. दुधाच्या किटलीएवढी जाड, पांढरी. काका म्हणाले, "लेकरासारखी सांभाळ गं. हिच्यावर माझं दुकान चालतं." अनामत रक्कम भरली आणि हातातले पैसे संपले.

मग बॅगचा प्रश्न आला. जुनी बॅग गल्लीत गाडीवरून न्यायपुरतीच होती, चेन तुटलेली. आम्ही दोघी एमजी रोडला बॅगांच्या दुकानात गेलो. दुकानदार बोलका होता. आधी त्यानं चाकांची, डब्यासारखी टणक बॅग दाखवली. मग स्वतःच बाजूला ठेवली. "ही सामानात खाली जाते ताई. आणि खाली गेलेली बॅग म्हणजे बाजार समितीतली कांद्याची गोणी. कोण कशी फेकेल सांगता येत नाही. काचेचं सामान आपल्याजवळच ठेवायचं, डोक्यावरच्या कप्प्यात. तिथं दोनच गोष्टी बघतात, वजन आणि माप."

त्यानं पाठीवरची एक राखाडी बॅग काढली. आत कप्पे, हवे तसे हलवता येणारे. मुलीनं ती पाठीला लावली, आरशात बघितलं, एका बाजूला वळली, दुसऱ्या बाजूला वळली. कॉलेजात असताना नवीन ड्रेस घालून अशी वळायची. किंमत ऐकली आणि तिनं पट्टे खांद्यावरून हळूच उतरवले.

मी तिची बाही ओढली आणि कानात सांगितलं, "मी शिवून देते."

"काय म्हणतात मावशी?" दुकानदारानं विचारलं.

"आई शिवेन म्हणते."

तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "मावशी, हे ब्लाऊज नाही हो. अस्तर लावून भागत नाही."

माझी मान खाली गेली. मुलगी मात्र तिथल्या तिथं म्हणाली, "काका, आईनं शिवलेलं दप्तर मी पाचवी ते दहावी वापरलं. मी थकले, दप्तर नाही थकलं."

रस्त्यावर आल्यावर मी तिला विचारलं, "तुला ती आवडली होती ना?"

"तुझीच चांगली होईल," ती म्हणाली. ती खरंच तसं समजून म्हणाली होती.

भद्रकालीच्या बाजारात जाऊन कॅनव्हास घेतलं. सोफ्याची कामं करणाऱ्याकडून फोम घेतला, मऊ नाही, घट्ट. पट्ट्यांसाठी नवार, कप्प्यांसाठी वेल्क्रो. वरून मी रेक्झिनची एक झाकणपट्टी लावायची ठरवली. माझं माहेर इगतपुरीचं. तिथल्या पावसात वाढलेल्या माणसाला कोणतीही पिशवी उघडी दिसली की तिच्यात पाणी दिसतं.

मुलीनं मोबाईलमध्ये बघून माप सांगितलं. "सेंटीमीटरमध्ये आहे आई. पंचावन्न, पस्तीस, पंचवीस." माझ्या टेपची ती बाजू मी कधी वापरली नव्हती. टेप उलटा करून कॅनव्हासवर खुणा केल्या.

आता इथं मला नीट सांगितलं पाहिजे. आम्ही शिवणाऱ्या बायका माप घेतो ते अंगाचं. छाती छत्तीस भरली म्हणून ब्लाऊज छत्तीसचा कापत नाही. श्वास घ्यायला जागा सोडतो, शिवणीत जाणारं सोडतो, आणि मूल असेल तर वाढत्या अंगाचं म्हणून आणखी दोन बोटं सोडतो. बाई कधी येऊन सांगत नाही की सैल शिव. ते न सांगता करायचं असतं. जी तेवढं करत नाही तिच्याकडे गिऱ्हाईक परत येत नाही. मुलीनं माप सांगितलं तेव्हा माझ्या हातांनी तेच केलं. आतली जागा मी त्या मापाची धरली. त्याच्या बाहेर दोन्हीकडून फोम, फोमवर कॅनव्हास, कडेला पायपिंगचा जाड गोट, वर रेक्झिनची पट्टी. विमानवाले माप अंगाचं घेत नाहीत, कपड्याचं घेतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिच्याही नाही. आईच्या मापावर कोण टेप लावतं?

"माप बरोबर ना?" तिनं विचारलं होतं.

"तू काळजी करू नको, जागा कमी पडायची नाही," मी म्हटलं होतं.

बॅग झाली तेव्हा आम्ही जमिनीवर चादर टाकून सामान भरलं. कॅमेरा, छोटी लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या आणि मधोमध ती पांढरी लेन्स. शेजारीण दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "काय गं बाई, बाळंतिणीचा बिछाना केलास का? आता पाळणा बांधा आणि नाव ठेवा त्या कॅमेऱ्याचं." आम्ही तिघी हसलो. मुलीनं बॅग पाठीला लावली आणि तश्शीच वळली, एका बाजूला, मग दुसऱ्या.

तिचे वडील रिक्षा चालवतात. ओझरला त्यांच्याच रिक्षातून गेलो. ते वाटेत सारखे चिडवत होते. "मीटर टाकू का मॅडम? विमानवाल्या लोकांना परवडतं." आणि मग, "परत येताना आम्हाला ओळख दाखवा म्हणजे झालं."

"बाबा, समोर बघा ना," ती म्हणायची आणि हसायची.

आत फक्त तिकीटवाल्याला सोडतात. आम्ही काचेच्या बाहेर उभे राहिलो. ती रांगेत लागली, तिनं वळून हात केला. काउंटरजवळ बॅगांचं माप बघायची एक लोखंडी चौकट ठेवलेली होती. तिथल्या माणसानं बॅगकडे बोट केलं, मग चौकटीकडे. तिनं बॅग उतरवून चौकटीत ठेवली. बॅग अर्धी गेली आणि अडली.

मला आवाज काही येत नव्हता. नुसतं दिसत होतं. तिनं बॅग आडवी करून बघितली. गुडघ्यानं दाबली. मी फोम घट्ट घेतला होता, तो दबेना. मागची माणसं तिला बाजूनं ओलांडून पुढे जायला लागली. तिनं आत हात घालून काहीतरी काढलं, परत दाबलं. दोन बोटं. काचेतून मला कळत होतं की दोनच बोटं जास्त आहेत, कारण ती दोन बोटं माझी होती.

"काय झालं? का अडवलं?" तिच्या बाबांनी विचारलं. मला आत जाऊन सांगायचं होतं की भाऊ, पायपिंग उसवते, कात्री आहे माझ्या पिशवीत. पण दारावर बंदूकवाला शिपाई होता. मी आयुष्यात कुणाला "मला आत सोडा" म्हटलेलं नाही. त्या दिवशीही म्हटलं नाही.

तिनं कॅमेरा काढून गळ्यात अडकवला. बॅटऱ्या पर्समध्ये भरल्या. बॅगला कागदी पट्टी लागली आणि ती सरकत्या पट्ट्यावरून आत गेली, झोपलेल्या मुलाला उचलून न्यावं तशी. मग तिचा फोन आला.

"आई, मोठी लेन्स हातात नेते म्हटलं, तर ते म्हणाले हातातल्या सामानाचं वजन जास्त होतंय, आणि वेळ पण संपली. पण तू फोम चांगला लावलाय ना. काही होणार नाही."

"हो," मी म्हटलं.

"आई, तू रडू नको हं."

"नाही रडत."

गोव्याला उतरून तिनं बॅग उघडली तर लेन्स फुटली होती. वरून बॅगला ओरखडासुद्धा नव्हता, एक टाका उसवला नव्हता. लेन्स हलवली की आतून खुळखुळायची, एवढंच. गोव्यात समुद्राच्या काठी लग्न लागलं तेव्हा सर लांब एका बाजूला होते आणि हिला समोरून, लांबूनच, नवरीचा चेहरा घ्यायचा होता, ज्या कामासाठी तिला बोलावलं होतं ते. छोट्या लेन्सनं ती जवळ जायला बघायची आणि सर हातवारे करायचे की मधे येऊ नको. नवरीनं वर बघितलं तो क्षण गेला. फोटोत ती बोटाच्या पेराएवढी आली. सर रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "सामान नीट आणता येत नसेल तर मोठी कामं घेऊ नयेत." परत कधी फोन आला नाही.

घरी आल्यावर तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. वडिलांची चेष्टा मात्र बंद झाली. एकदा दुपारी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर ती बॅग मांडीवर घेऊन बसली होती आणि माझा टेप लावून मोजत होती. आधी बाहेरून मोजलं. मग चेन उघडून आतून मोजलं. टेप गुंडाळून माझ्या डब्यात ठेवला.

"आतून बरोबर आहे आई," ती म्हणाली. "आतून अगदी बरोबर आहे."

मी परत चुलीपाशी गेले.

स्टुडिओवाल्या काकांनी भांडण केलं नाही. त्यांनी दुरुस्तीवाल्याला दाखवलं, तो म्हणाला आतली काच गेली, हात लावण्यात अर्थ नाही. काका मला म्हणाले, "वहिनी, मी सावकार नाही. पण सोडून देण्याइतका मोठाही नाही." जमेल तसं द्यायचं ठरलं.

मुलीनं कॅमेरा विकला. मी म्हटलं, तो ठेव, त्याच्यावर पैसे येतील. ती म्हणाली, "कशाला ठेवू? कुणी विचारतंय का?" गल्लीतल्या बारशाला बोलवायला आले तर सांगायला लागली की आता नाही करत. कॅमेरा विकत घ्यायला एक मुलगा आला होता, तो म्हणाला बॅगसुद्धा द्या. तिनं त्याला साधी पिशवी दिली. आता ती एका मॉलमध्ये बिलाच्या काउंटरवर उभी असते. सकाळी जाते, पाय सुजवून येते. कुणाच्या लग्नाचे फोटो मोबाईलवर आले की न बघता खाली सरकवते. मी रात्रंदिवस ब्लाऊज शिवले, साड्यांचे फॉल लावले. ब्लाऊज कापताना आता टेप दोन-दोनदा लावते. जागा सोडू की नको, कळत नाही. दोन-तीन बायका घट्ट झाले म्हणून परत घेऊन आल्या.

बॅग कपाटावर आहे. फेकवत नाही. शेजारणीनं मागितली होती, नातीचं दप्तर करते म्हणाली. मी दिली नाही.

शेवटचे पैसे द्यायला मीच गेले. मुलगी म्हणाली, मला सुट्टी नाही. सुट्टी होती, मला माहीत आहे. काका दुकानात एकटे होते. मी पैसे काउंटरवर ठेवले. त्यांनी खाली वाकून एक डबा काढला आणि माझ्यासमोर सरकवला. आत ती पांढरी लेन्स होती.

"ही आता तुमचीच," ते म्हणाले. "पैसे तुम्ही भरलेत."

मी तिला हात लावला नाही. काय करायचं फुटक्या लेन्सचं?

"पोरगी कशी आहे?"

"कामाला जाते."

"फोटो काढते का?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"चांगला डोळा होता तिचा," ते म्हणाले.

होता म्हणाले. मला वाटलं सांगावं की भाऊ, डोळा अजून आहे, तो कुठं गेला नाही, तो फक्त आता बघत नाही. मी डबा उचलून पिशवीत ठेवला. आत काच खुळखुळली.

त्यांनी नोटा मोजल्या, परत एकदा मोजल्या, गल्ल्यात टाकल्या आणि गल्ला लावला. "झालं वहिनी," ते म्हणाले, "सगळे पैसे फिटले."