पलीकडचा हात

इथे आखातात, अब्बासियातल्या आमच्या खोलीत आम्ही सहाजण राहायचो, सगळे कोकणातले. मी रंगारी. कंपनी कधी ऑफिसच्या भिंती रंगवायला पाठवायची, कधी शाळेच्या. गेल्या हिवाळ्यात रिग्गईतल्या एका नव्या इजिप्ती हॉटेलात पाठवलं. "गावाकडे चित्रं काढायचास ना? मग जा," एवढंच फोरमन म्हणाला.

लांबलचक भिंतीवर जुन्या इजिप्तच्या पद्धतीचं चित्र हवं होतं. वर जेवणाच्या मेजासमोर जोडपं, खाली कामकऱ्यांची रांग. मालकिणीने मोबाईलवर फोटो दाखवला आणि सांगितलं, "बाकीचं माझे वडील समजावतील." वडील निवृत्त ड्रॉइंग मास्तर, कैरोहून लेकीकडे आलेले. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, मग मीही म्हणू लागलो.

ते यायच्या आत मी पुरुषाची आकृती काढून मोकळा झालो होतो. फोटोतला माणूस मला चुकलेलाच वाटला. तोंड बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. मी आपली दुरुस्ती केली. अंग नीट वळवलं, पलीकडचा हात छातीआड जाऊ दिला.

उस्ताद आले, चित्राजवळ जाऊन उभे राहिले. आमचं बोलणं मोडक्या अरबीत आणि मोडक्या हिंदीत चालायचं.

"याचा दुसरा हात कुठे आहे?"

"अंगाआड गेलाय, उस्ताद."

"मग हा समोरची रोटी कशाने उचलणार?"

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "ही चित्रं कबरीतली. चित्रात जे असेल तेच मेलेल्याला पुढे मिळणार, अशी त्या काळच्या लोकांची समजूत. हात लपला की हात गेला. म्हणून प्रत्येक अवयव जिकडून पुरता दिसतो, तिकडूनच काढायचा."

"पण बघणाऱ्याला विचित्र नाही वाटायचं?"

"कबरीच्या वरच्या खोलीत घरचे यायचे. खालच्या खोलीत मृताला ठेवलं की दार कायमचं बंद. कोण बघणार? तरी तिथेही एवढंच बारीक काम."

दिव्याच्या उजेडात पक्ष्याचं एकेक पीस रंगवणारा माणूस डोळ्यांसमोर आला. पुन्हा कुणीही बघणार नाही हे त्याला ठाऊक होतं. आणि कपाटामागची भिंत रंगाच्या एका हातात उरकणारा मी!

मी आकृती पुसली. उस्तादांनी दोरी लाल रंगात भिजवली, दोन्ही टोकं आम्ही भिंतीवर ताणून धरली आणि मधे उचलून सोडली. सरळ लाल रेघ उठली. अशा आडव्या-उभ्या रेघांचे चौकोन केले. ते जुने चित्रकारही असंच करायचे, उस्ताद म्हणाले. तळपायापासून कपाळावरच्या केसांपर्यंत अठरा चौकोन, गुडघा सहाव्या रेघेला, खांदे सोळाव्या. शेकडो वर्षं, किती हात बदलले, माप तेच. मालक मोठा, कामकरी छोटे. मालक जवळ उभा आहे म्हणून नव्हे, त्याचा मान मोठा म्हणून. पुरुष तांबूस, बाई पिवळसर. दिवसभर त्या चौकोनांत काम करताना मी बोलायचंच विसरून जायचो.

खालच्या रांगेत करवत चालवणारा सुतार होता. माझे बाबा सुतार. आदल्या वर्षी ते गेले तेव्हा माझ्या अकाम्याचे, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचे, कागद अडकले होते, गावी जाता आलं नाही. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेली होती, तो हात शेवटपर्यंत दुखायचा. फोटो काढायचा म्हटलं की तो हात पाठीमागे जायचा.

मी उस्तादांना हे सांगितलं. विचारलं, "हा सुतार माझे बाबा म्हणून काढू?"

"काढ."

"बोटं किती काढू?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सगळी," ते म्हणाले.

पाच बोटं रंगवायला मला पूर्ण सकाळ लागली. उस्ताद शेजारी खुर्ची टाकून बसले होते.

शुक्रवारी मी आईला फोटो पाठवला. हे बाबा आहेत, एवढंच लिहिलं. तिचा लगेच व्हिडिओ कॉल आला.

"तोंड काही त्यांच्यासारखं नाही रे," ती म्हणाली. मग फोन डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा बघितलं असावं. पडद्यावर नुसतं तिचं कपाळ दिसत होतं.

"करवत मात्र छान धरलीय. आता दुखायचा नाही त्यांचा हात."