ती ओळ वाचून दाखवाल का?

पुण्यात सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या परिषदेला गेले होते. सत्र रंगात आलं असताना वक्ता पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "इथे दिसतंय तसं, चूक या ओळीत आहे." माझ्या शेजारच्या चाळिशीतल्या गृहस्थांनी हात वर केला.

"मला डोळ्यांनी दिसत नाही. ती ओळ वाचून दाखवाल का?"

वक्ता गडबडला, पण त्याने ओळ वाचली. पाच मिनिटांत पुन्हा "हे बघा" सुरू झालं आणि पुन्हा हात वर गेला. मागून कुणीतरी वैतागून उसासा टाकला. असं चार वेळा झालं, तरी त्यांचा आवाज तितकाच शांत होता.

वाचून दाखवताना वक्त्याचा वेग मंदावला, तसं मलाही समजू लागलं. तोवर मी नुसती मान डोलवत होते. इतक्या वर्षांत किती सभागृहांतून मी अशीच, न कळलेलं तिथेच सोडून, घरी परतले असेन.

चहाच्या वेळी त्यांना विचारलं, "सारखं विचारताना संकोच नाही वाटत?"

"वाटतो ना," ते म्हणाले. "पण न समजता परत जायचं असतं, तर आलोच कशाला असतो?"

पुढच्या सत्राला मी त्यांच्यासोबत अगदी पहिल्या रांगेत जाऊन बसले.