सवलत संपली की

आमच्या घरात आयकर कधी कुणी भरला नव्हता. बार्शीला वडिलांची पिठाची गिरणी होती. आयकर हा पैसेवाल्यांचा आजार, असं ते म्हणायचे. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे २०२१च्या सुरुवातीला डब्लिनमधल्या आमच्या अर्थशास्त्राच्या वर्गात वादविवादाचा विषय ठरला, तेव्हा मी घाबरलेच. आयकरातल्या सवलती मुदत संपली की बंद होऊ द्याव्यात की वाढवाव्यात? माझ्या वाट्याला आलेली बाजू होती, बंद होऊ द्याव्यात.

वर्ग ऑनलाइन होते. शहराच्या कडेला, सिटीवेस्टला, लहान मुलगा असलेल्या एका पुणेकर जोडप्याकडे मी खोली घेऊन राहत होते. त्यांना मी दादा-वहिनी म्हणायचे. दादा सँडीफोर्डच्या एका कंपनीत इंजिनिअर, पण लॉकडाऊनमुळे जेवणाच्या टेबलावरूनच काम करायचा. कंपनीनेच त्याला भारतातून इकडे पाठवलं होतं, म्हणून त्याला पाच वर्षं करात सूट होती. हे पाचवं वर्ष.

"बंद करा म्हणणार तू? माझ्याच घरात बसून, माझ्याच वायफायवर?" दादा हसला. "अगं ऐकलंस का, हिचा चहा बंद."

तयारी मात्र त्यानेच करून घेतली. समोरची बाजू घेऊन तावातावाने भांडला. "सूट गेली की आम्ही परत जाऊ. मग बसा कर गोळा करत!"

दर रविवारी फोनवर तो हेच त्याच्या आईला सांगायचा. त्या पुण्यात एकट्या होत्या. "सवलत संपली की येतोच, आई." पलीकडून त्या महिने मोजायच्या.

वादविवादाच्या दिवशी तो म्हणाला, "दार उघडं ठेव, ऐकतो मी." मी ठेवलं, आणि बोलायला लागल्यावर ते विसरूनही गेले.

समोरच्या मुलाने नेमका तोच मुद्दा काढला. सवलती काढल्या तर माणसं देश सोडून जातील. माझ्याकडे आकडे नव्हते. मग जे रोज बघत होते तेच बोलले. म्हटलं, माझ्या ओळखीचं एक कुटुंब आहे. यंदा त्यांची सवलत संपते. जाणार, असं ते म्हणतात. पण मुलाचं नाव त्यांनी पुढच्या वर्षासाठी इथल्या शाळेत घातलंय. घराच्या कर्जासाठी बँकेशी बोलणं चाललंय. आईबाप मराठीत विचारतात, मुलगा इंग्रजीत उत्तर देतो. अशी माणसं सवलतीसाठी आली असतील, पण ती संपली म्हणून जात नाहीत.

आजचा सगळ्यात चांगला मुद्दा, असं शिक्षिका म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की मी हसतच मागे वळले. दारात दादा उभा होता.

"चांगलं बोललीस," तो म्हणाला.

"दादा, तो फक्त मुद्दा होता."

"हो ना. मी जाणार नाहीये, हे मी अजून स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो गं."

मी सॉरी म्हणाले. कशाबद्दल, ते मला नीट सांगता आलं नसतं. खोटं मी काहीच बोलले नव्हते.

त्या रविवारी तो फोन घेऊन खाली गाडीत जाऊन बसला. वहिनी ओट्याशी उभी राहून कोरडी भांडी पुन्हा पुसत होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने तो वर आला.

"सांगितलंस?" वहिनीने विचारलं.

"हो."

"काय म्हणाल्या?"

"रडली नाही." त्याने फोन टेबलावर उलटा ठेवला. "म्हणाली, मग तुझी खोली आता भाड्याने देते."

जूनमध्ये मी दुसरीकडे राहायला गेले. जा असं मला कुणीच म्हटलं नव्हतं.