हंड्याच्या पत्र्याचं इंजिन

हा प्रवास मी एकदा लिहिला आहे. ऐंशीच्या दशकात तो एका दिवाळी अंकात छापून आला. मालवणच्या एका मेस्त्रीवर मी त्यात विनोद केले होते आणि लोक ते वाचून मनापासून हसले. त्या लेखातली एक गोष्ट खोटी होती. ते कबूल करायचं मी इतकी वर्षं टाळलं. आता वय ऐंशीच्या पलीकडे गेलं आहे, म्हणून खरा प्रवास लिहून काढतो. ज्यांना जुना लेख आवडला होता त्यांना हा आवडणार नाही. न आवडू दे.

माझी गाडी इटलीची, दोन दरवाजांची, लाल. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात उतरलेली. हिच्याच घराण्यातल्या साध्या गाड्या मुंबईत टॅक्सी म्हणून धावत, ही त्यांची वेगाची बहीण. पुण्यात जुन्या गाड्या बाळगणारी आमची मंडळी होती. गाडीतला प्रत्येक स्क्रू जन्मापासूनचा हवा, हा त्यांचा धर्म. मीही तो पाळत होतो.

त्या वर्षी एप्रिलात मी एकटाच पुण्याहून निघालो आणि दुसऱ्या दिवशी फोंडा घाट उतरलो. कसालला मालवणचा रस्ता धरला आणि चार-पाच मैलांवर बॉनेटखालून वाफ आली. मागून मालवण बंदराकडे बर्फ घेऊन जाणारा ट्रक आला. ड्रायव्हरने दोरखंड बांधता बांधता सांगितलं, “मोटारीचो मेस्त्री मालवणात चांगलो गावाचो (मिळायचा) नाय. पण गुणाजी आसा. होडयेची इंजिना करता. तां चलता, तर ह्या कित्याक (का) चलाचा नाय?”

गुणाजीचा मांगर (शेड) बंदरापासून हाकेच्या अंतरावर होता. दारात जाळी वाळत पडलेली, आत ट्रॉलरचं एक डिझेल इंजिन उघडं. गुणाजी पन्नाशीचा असेल. इंजिनांच्या आवाजाने त्याचा एक कान गेला होता, त्यामुळे तो दुसरा कान पुढे करून बोलायचा. त्याने माझं इंजिन संध्याकाळपर्यंत खोललं.

“ब्लॉक (इंजिनाचं धड) गेलो. चीर पडली हा.”

“मुंबईहून मागवतो. पण हुबेहूब असाच पाहिजे.”

“असो दुसरो खंय गावतलो? सावंतवाडीत एक टॅक्सी मोडीत निघाली हा. तेचो ब्लॉक घेऊया, हेड (वरचं झाकण) तुमचा.”

“ते साधं इंजिन आहे हो. हे वेगाचं. दोघांचं जमणार नाही.”

“कित्याक नाय? एकाच आवशीची (आईची) पोरां ती. भांडतली, पण एका घरात रवतली.”

मी पुण्याच्या मंडळींचं मत त्याला ऐकवलं. त्याने तंबाखू थुंकली. “तेंका सांगा, समुद्रात इंजिन बंद पडला तर कंपनीचा नाव बघीत कोण बसणा नाय. जा बसात तां बसवतत.”

मग त्याने मनातलं सांगितलं. होड्यांच्या इंजिनांत त्याचा जन्म गेला होता. कुडाळला हायवेवर त्याला मोटारींचं गॅरेज काढायचं होतं, आणि कुडाळ-सावंतवाडीचे डॉक्टर, वकील होडीच्या मेस्त्रीला गाडी द्यायला तयार नव्हते. “ही लाल गाडी माझ्या हातची धावताना दिसली की माका बोर्ड लावची गरज नाय,” तो म्हणाला.

मी आठ दिवस राहिलो. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा, दुपारी तिरफळ घातलेली बांगड्याची कढी. रांधायची त्याची बायको रुक्मिणी. ती सकाळी बाजारात मासे विकून यायची आणि यायची तीच बोलत.

सावंतवाडीचा ब्लॉक आला. त्याची पाण्याची भोकं माझ्या हेडच्या भोकांशी जुळेनात. गुणाजीने दोन बुजवली, एक नवं पाडलं. पिस्टन माझ्या इंजिनाचे, जरा उंच. ते वर आल्यावर व्हॉल्व्हना धडकतील का, हा प्रश्न होता. गुणाजी घरात गेला आणि तांदळाच्या पिठाचा मळलेला गोळा घेऊन आला. तो पिस्टनच्या डोक्यावर थापला, हेड चढवलं, हाताने इंजिन फिरवलं, पुन्हा उघडलं. पिठात व्हॉल्व्हचा ठसा उमटला होता. खाली उरलेल्या पिठाची जाडी त्याने पट्टीने मोजली.

दारातून रुक्मिणी ओरडली, “अवो, पीठ भाकरेक की इंजिनाक? आता जेवाक पिस्टन वाढू?”

जागा कमी पडत होती. हेड आणि ब्लॉकमध्ये जाड गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारा पत्रा, हवं होतं, आणि बाजारातलं कुठलंच या जोडीला बसत नव्हतं. गुणाजी दोन दिवस तिथेच अडून राहिला. तिसऱ्या दिवशी रुक्मिणीने त्याच्यापुढे एक गळका तांब्याचा हंडा आणून आदळला. “माझ्या माहेरचो. कापा. पण गाडी चल्ली नाय तर दोघांकय ठोकतलंय. पावणो म्हणान सोडूचंय नाय!”

हंडा कापून, पत्रा सपाट करून त्याने गॅस्केट कोरलं, लाल होईपर्यंत तापवलं आणि पाण्यात टाकलं. मऊ झालं. “पण तांबा बसता (दबतं),” तो मला म्हणाला. “शंभर किलोमीटर झाले की इंजिन थंड करून हे धाय नट परत आवळूचे. धामापूर, मसुरा, तोंडवळी करून परत ये, मी आवळतंय. येवक जमला नाय तर तू आवळ.” त्याने विडीच्या पुड्याच्या कागदावर दहा नटांचा क्रम काढून दिला आणि आपला पानाही दिला.

निघताना त्याने गाडीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं (देवापुढची जाहीर विनवणी) घातलं. बंदरावरची माणसं गोळा झाली.

“बा देवा रामेश्वरा! ह्या पावण्याची गाडी तुझ्या वाटेर उभी केली हा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे.

“तिका हेड एकाचा, ब्लॉक दुसऱ्याचो, पत्रो माझ्या घरचो. तां एक केलेला एकच रवांदे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ह्यो पावणो धाय नट आवळल्याशिवाय घाट चढाचो नाय, म्हाराजा!”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. “व्हय म्हाराजा,” मी मोठ्याने म्हणालो.

इंजिन पहिल्या फेरीतच सुरू झालं. धामापूरच्या तलावाकाठी मी ते चालू ठेवून नुसता ऐकत बसलो. पाणी इतकं स्थिर होतं की पलीकडची झाडं त्यात उलटी उभी होती. मसुऱ्याच्या लाल रस्त्यावर लोक काम टाकून पाहत राहिले. तोंडवळीला सुरूच्या बनाशी गाडी लावली तेव्हा वळसे घेत घेत शंभर किलोमीटर भरले होते. मागे मालवण, पुढे आचऱ्यावरून कणकवली. रविवारी पुण्यात मंडळींचा मेळावा होता आणि जोडलेलं इंजिन घेऊन जाऊन मला त्यांची तोंडं बंद करायची होती. मालवणला परतलो असतो तर जाण्यायेण्यात आणि इंजिन थंड होण्यात एक दिवस गेला असता. मी पुढे निघालो. पाना डिकीत होता, कागद खिशात होता. वाटेत कुठेही काही तास थांबून, इंजिन थंड करून आवळता आले असते. थांबलो नाही.

फोंडा घाटात मी गाडी पुरी दामटली. अर्ध्या चढावर वाफेचा फवारा उडाला.

गाडी आणि तो कागद कोल्हापूरच्या एका मेकॅनिककडे सोडून रविवारी मी एसटीने पुण्याला पोचलो. मंडळी हसली. हसू माझ्या वाट्याचं होतं, मी ते गुणाजीकडे वळवलं. दिवाळी अंकात त्याच्या नावानिशी लिहिलं: ‘मालवणच्या गुणाजी मेस्त्रीने हंडा कापून माझं इंजिन जोडलं आणि पहिल्या घाटात ते फाटलं.’ हे लिहिलं तेव्हा कोल्हापूरच्या त्या मेकॅनिकचा निरोप येऊन गेला होता: “साहेब, नट सैल आहेत. बाकी इंजिनाला धाडसुद्धा भरलेली नाही.” त्याने तोच पत्रा तापवून परत बसवला आणि विडीच्या कागदावरच्या क्रमाने तीनदा आवळला.

पुढच्या वर्षी कुडाळच्या एका वाचकाचं पत्र आलं. ‘आम्हाला वेळीच सावध केलंत. त्या मेस्त्रीकडे आता कोणी मोटार नेत नाही.’

ते दशक संपायच्या आत मी त्याच गाडीने मालवणला गेलो. माफी मागायला. गुणाजीने इंजिनाचा आवाज लांबून ओळखला आणि चांगला कान पुढे करून बाहेर आला. बॉनेट उघडलं. हेडखालून दिसणाऱ्या तांब्याच्या कडेवरून बोट फिरवलं. रुक्मिणी दारात उभी होती.

“लेख वाचलव हां तुमचो,” ती म्हणाली. “शाळेच्या गुरुजींनी वाचून दाखवल्यानी. माझो हंडो पुण्यापर्यंत गाजलो.”

“तू गप गो,” गुणाजी म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “माका एकच सांग. तेव्हा घाटाआधी नट आवळलेलंस मां?”

बंदरावरची तीच माणसं भोवती जमली होती.

“आवळले होते,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली. “मगे माझाच खंयतरी चुकला.”

त्याने चहा पाजला. परतताना घाट मी सावकाश चढलो, इंजिन कुठे अडखळलं नाही. नंतर गुणाजी गेल्याचं मला फार उशिरा कळलं. कुडाळचं गॅरेज त्याने कधी काढलं नाही.

ते इंजिन आजही चालतं. तरुण मंडळी विचारतात, आजोबा, ओरिजिनल आहे का? मी ताठ मानेने सांगतो, नाही. हेड इटलीचं, ब्लॉक सावंतवाडीच्या टॅक्सीचा, गॅस्केट रुक्मिणीच्या माहेरच्या हंड्याचं आणि अक्कल मालवणच्या गुणाजी मेस्त्रीची. ज्याला हे कमीपणाचं वाटतं त्याने आपली जन्मापासूनची गाडी घेऊन फोंडा घाटात यावं.

त्याचा पाना अजून माझ्याकडे आहे. त्या दिवशी मांगरासमोर, सगळ्यांच्या देखत, एवढंच म्हणायचं होतं:

गुणाजी, तुझं काहीच चुकलं नव्हतं. नट मी आवळले नव्हते.