मशीनचं पाणी

प्रमिलाताई गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. नवी मुंबईत कामावर होते, हातात पोछा. गावाकडच्या बायकांच्या ग्रुपवर कुणीतरी त्यांचा फोटो टाकला होता, खाली हात जोडलेले. बीडमधल्या आपल्या दुकानात कुणाचा तरी ऑनलाइन फॉर्म भरता भरता त्या बसल्या जागीच गेल्या. समोरच्या माणसाला वाटलं, नेट गेलंय म्हणून बाई थांबल्या असतील... तो बिचारा तसाच वाट बघत बसला. मी जिथं फरशी पुसते त्या इमारतीत नुसते कॉम्प्युटर आहेत, माणसं नाहीत म्हटलं तरी चालेल. तिथं मोठ्यानं रडायचीसुद्धा भीती वाटते. जिन्यात जाऊन रडले. आता महिना होऊन गेला. माझी शाळा सातवीतच सुटली, लिहायची सवय नाही. पण मी आज जी काही उभी आहे ती या बाईमुळं, एवढं तरी कागदावर यावं.

माझं सासर तेलगावच्या पुढं. तिथल्या दूध सोसायटीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा अख्खा गाव बघायला लोटला होता. चेअरमन साहेबांनी त्याला हार घातला, वर लिंबू-मिरची बांधली. खोलीत जायचं तर चपला बाहेर. तो चालवायला बीडहून कोर्स केलेल्या प्रमिलाताई आल्या. कुणाचं दूध किती, फॅट किती, ते बटणं दाबून चढवायच्या. मशीन बसवणारा माणूस जाताना सांगून गेला, "थंड ठेवा, तापलं तर जळंल." चेअरमन साहेबांनी ते इतकं मनावर घेतलं, की खिडकीत कूलर बसला आणि दाराशी कूलरच्या पाण्याचा निळा ड्रम.

मग दुष्काळ पडला. टँकर आला की आधी सोसायटीचा ड्रम भरायचा, मग आमच्या घागरी. ड्रमाला कुलूप नव्हतं, गरजच नव्हती. सगळे त्याला 'मशीनचं पाणी' म्हणायचे, आणि आमच्याकडं मशीनचं पाणी म्हणजे ट्रॅक्टरच्या बॅटरीत असतं ते. हातावर पडलं तर कातडी सोलते. टँकरमधूनच ड्रम भरताना दिसायचा, तरी आम्ही म्हणायचो, आत काहीतरी औषध टाकत असतील. बाया पोरांना ड्रमापासून लांब ओढायच्या. चेअरमन साहेबांना हे चांगलं ठाऊक होतं. ते कधी 'हो' म्हणाले नाहीत, आणि 'नाही' असंही म्हणाले नाहीत.

एकदा टँकर आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझा अजय तेव्हा कडेवरचा, तापानं फणफणलेला, ओठांना पापुद्रे आलेले. तांब्याभर पाणी मागत मी दारोदार फिरले आणि शेवटी सोसायटीशी आले. आत कूलर घुमत होता. दारातून गार वारा आला, तशी पोरानं त्या वाऱ्याकडं मान वळवून तोंड उघडलं...

"ताई, घोटभर पाणी हाय का पिण्याचं?"

"ड्रममधलं घे की."

"अवो, ते मशीनचं हाय! पोराला भाजंल."

"कोण म्हणतं?"

"समदं गाव म्हणतं."

ताई उठल्या. तांब्या ड्रमात बुडवला आणि माझ्यासमोर घटाघटा प्यायल्या. आता ओरडतील, मग ओरडतील, असं म्हणत मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "बघ. मेले का?"

माझी शेजारीण गयाबाई मागं येऊन उभी होती. ती म्हणाली, "आत्ता न्हाई मरायच्या. रातच्याला मरतेल."

"मग रात्री रडायला ये," ताई म्हणाल्या. "आता घागर आण."

गयाबाई घागर आणायला गेली ती अर्धी आळी घेऊनच आली. ताईंनी आधी मशीन बंद केलं, मग कूलर. ड्रम तळाला गेला तेव्हा चेअरमन साहेबांची मोटारसायकल दाराशी थांबली.

"कावून बंद केलं?"

"पाणी संपलं. लोक प्यायले."

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "बाई, मशीनचं काय, उद्या सुरू हुईल. पण हे पाणी पिता येतंय, ते आता समद्यांना कळलं. उद्यापासून तुमी येऊ नका."

दुसऱ्या दिवशी मशीन बिनघोर सुरू झालं. ड्रमाला कुलूप लागलं. माझा अजय वाचला आणि ताईंची नोकरी गेली. याबद्दल त्या मला आयुष्यात एका शब्दानं बोलल्या नाहीत.

पुढं त्यांनी बीडला एक जुना कॉम्प्युटर घेऊन दुकान टाकलं. बघता बघता सातबारा, रेशन, पोरांचे निकाल, दुष्काळाचं अनुदान, सगळं त्या डब्यात जाऊन बसलं. सर्व्हर बंद पडला की लांबलांबून आलेली माणसं दुकानाच्या पायरीवर दिवस दिवस बसून राहायची. अजयचा आयटीआयचा फॉर्म ताईंनीच भरला. त्याच्या नोकरीपाठोपाठ मी इथं आले. दिवाळीत भेटले तेव्हा मी मोठ्या कौतुकानं सांगितलं, इमारतभर नुसते कॉम्प्युटर, आणि आत थंडी वाजते.

"एवढ्यांना गार कशानं ठेवतात गं?"

"पाण्यानं. मागच्या दारानं टँकर येतात."

"कुठलं पाणी?"

"मला काय म्हाईत, ताई."

"विचार की."

विचारलं तर पोटावर पाय येईल असं मला सारखं वाटतं, अजूनही वाटतं. ताईंनी पुन्हा म्हटलं नाही. आमचं तेवढंच शेवटचं बोलणं.

त्या गेल्यावर एका सकाळी मी टँकरवाल्याला विचारलं. तो आपल्या गेवराईकडचाच निघाला.

"डोंगराखाली एक गाव हाय, तिथल्या हिरीवर भरतो. कालच्याला दोनदा गेलतो."

"आन तिथल्या बाया?"

"त्या लांबून आणतेत. ह्याला कंपनीचं पाणी म्हणतेत, कुणी तोंड लावत न्हाई." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाला, "कावून ईचारता, मावशी?"

मी फक्त गावाचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं. ते नाव मी इथं लिहीत नाही, नोकरी आहे अजून.

पण ताईंची एक सवय होती. बटण दाबण्याआधी त्या दूध घालणाऱ्याचं नाव मोठ्यानं घ्यायच्या. म्हणायच्या, मशीनला ऐकू येत नाही, म्हणून आपण म्हणायचं. माझ्या पोछ्याची बादली त्याच टँकरच्या पाण्यानं भरते. पोछा बुडवण्याआधी मी आता रोज त्या गावाचं नाव घेते. मशीनच्या घरघरीत माझं मलाही ऐकू येत नाही. छताला लावलेल्या कॅमेऱ्यात मात्र ओठ हलताना दिसत असतील...